स्वर म्हणजे जावई

मंगळवार, ६ फेब्रुवारी

सगळ्यांत आधी आला तो खादो लोहार. पाहुणे नाहीत, त्यांची गाडी नाही — खादो! कुणाकडे पाहुणे येणार म्हटलं की याच्या नाकात चहाचा वास शिरतो. माझ्या तंबूपुढे फतकल मारून बसला आणि म्हणाला, "मालकीणबाई, तुमची अक्षरं तपासायला दोन माणसं येतायत. साखर बाहेर काढून ठेवा."

मी म्हटलं, अक्षरं म्हणजे काय उंट आहेत, दात बघून वय सांगायला?

"तसंच काहीतरी आहे म्हणे," तो म्हणाला आणि साखरेच्या डब्याकडे बघत बसला.

गाडी दुपारी आली. आली म्हणजे कोरड्या नदीत रुतली आणि आमच्या माणसांनी ओढून आणली. आतून उतरले राजधानीचे डॉक्टर हलिदू — औषधाचे नव्हेत, लिपीचे. अक्षरांना पण डॉक्टर असतो हे मला आज कळलं. बरोबर एक बाई, यादविगाबाई, कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या. नाक लालबुंद. आल्या आल्या त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि ही वही दिली. हातवारे करून म्हणाल्या, रोज लिहा आजी, तुमच्याच अक्षरांत, मनाला येईल ते.

म्हणून लिहितेय. जन्मभर वाळूत लिहिलं, बोटाने. चुकलं की पायाने पुसायचं. कागदाचं काही खरं नाही, पायाने पुसला तर फाटतो. आत्ताच बघितलं करून.

आता हे लोक आलेत कशाला, ते लिहून ठेवते. सरकार म्हणे अक्षरांच्या शाळा काढणार. पण ज्यांची लिपी "पूर्ण" आहे, त्यांच्याच. आमची पूर्ण की अर्धी, ते हे दोघं ठरवणार. पूर्ण ठरली तर आमच्या वाडीत शाळा, आणि मास्तर कोण? माझा जावई. शहरातल्या शाळेत शिकलेला इथे तो एकटाच. मास्तर झाला तर तो इथेच राहील. नाही झाला तर कांदे निघाले की माझ्या लेकीला, शिमोला, आणि नातीला, तिनितला, घेऊन स्वतःच्या बापाच्या विहिरीवर जाईल. तीन दिवसांची वाट उंटाने. त्याचं काही चुकतंय असं नाही, बायकोच्या आईकडे फार वर्षं राहिला बिचारा. पण तिनितची अजून अर्धीच अक्षरं झालीत! आणि त्या विहिरीवर अक्षरं येणारी एकही म्हातारी उरलेली नाही. शेवटची गेल्या थंडीत गेली. मग राहिलेली अर्धी तिला शिकवणार कोण — उंट?

बुधवार, ७ फेब्रुवारी

आज माझी मुलाखत झाली. हसून हसून अजून पोट दुखतंय.

पाहुण्यांना आमची बोली येत नाही, मला त्यांची येत नाही. दुभाषा हवा. दुभाषा एकच — जावई. आणि जावई सासूशी बोलत नाही. समोर येत नाही, समोर जेवत नाही, नाव घेत नाही. मी दिसले की मुंडाशाचं टोक डोळ्यांपर्यंत ओढायचं आणि पाठ फिरवायची. हीच रीत. त्याचं नाक मी अजून पाहिलेलं नाही. शिमो म्हणते, बरं आहे.

मग काय करायचं? खादोला मध्ये बसवला. लोहारांना लाज नसते, म्हणजे तशी रीतच आहे, लाजेची कामं त्यांनीच करायची. यादविगाबाई विचारणार जावयाला. जावई चटईच्या आडोशाला पाठमोरा बसून सांगणार खादोला. खादो सांगणार मला. मी खादोला, खादो चटईला, चटई बाईंना. माझ्यात आणि चटईत हातभर अंतर! जावयाचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. पण तो ऐकायचा नसतो. खादोने सांगितला की मगच ऐकायचा.

पहिलाच प्रश्न, "आजींचं नाव काय?"

चटईमागे जावई नुसता खाकरला.

बाईंनी पुन्हा विचारलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, सोपा प्रश्न आहे." चटईमागून कशीबशी कुजबूज आली, "शिमोची आई." खादोने ती उचलली आणि मला मोठ्यांदा ऐकवली, "मालकीणबाई, तुम्ही शिमोची आई आहात."

मी म्हटलं, कळवल्याबद्दल उपकार झाले.

डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. नाव: शिमोची आई.

मग म्हणे, व्यंजन आणि स्वर यांतला फरक आजींना माहीत आहे का? तो प्रश्न चटईतून आला तेव्हा असा होता की, व्यंजनात तोंड कुठेतरी अडतं आणि स्वरात तोंड उघडं ठेवून नुसता वारा सोडायचा. खादोपर्यंत येईतो त्याचं काय झालं ते मी या वहीत लिहिणार नाही. शिमो तंबूत पळाली.

बाईंना काही कळलं नाही. त्या मन लावून लिहीत होत्या.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

यादविगाबाईंनी आज जगातल्या सगळ्या लिप्या चटईवर मांडल्या. कशाने? माझ्या खजुरांनी. एक खजूर एक लिपी. मग त्यांचे ढीग केले. बाई शिकवतात छान हो, हात हलवून हलवून.

एक ढीग फ्रेंचांसारख्यांचा. त्यांच्यात स्वर व्यंजनांच्या रांगेत उभे राहतात, वेगळा तंबू करून, बरोबरीचा मान घेऊन.

दुसरा ढीग हिंदुस्तानाकडच्यांचा. तिथे म्हणे स्वर व्यंजनाला बिलगून असतो. कधी डोक्यावर, कधी पायाशी, कधी पुढे, कधी मागे. मी म्हटलं, म्हणजे लेकुरवाळ्या आहेत. बाई म्हणाल्या, एवढंच नाही, काही लावलेलं नसलं तरी त्या व्यंजनात एक स्वर असतोच. "मग पोटुश्यासुद्धा आहेत," मी म्हटलं. हे चटईपलीकडे गेलं तेव्हा जावई खोकला. हसला असावा.

तिसरा ढीग आमचा. नुसती व्यंजनं लिहायची, स्वर वाचणाऱ्याने आपल्या मनाने घालायचे. त्यात मौलवींची अक्षरं पण आली. पण त्यांच्याकडे पोरं शिकत असली की व्यंजनांना टोप्या घालतात, स्वर कळावेत म्हणून. आमच्यात तेही नाही. आमची उघड्या डोक्याने फिरतात.

मग डॉक्टर आणि बाई यांचं जुंपलं. आमचा शब्द उघड्या तोंडाने संपला तर शेवटी आम्ही एक टिंब देतो. डॉक्टर म्हणतात, टिंब म्हणजे स्वर, तेव्हा ही लिपी तिसऱ्या ढिगातली नव्हे. बाई म्हणतात, टिंब कुठला स्वर ते सांगतच नाही, म्हणून ती तिसऱ्याच ढिगातली. डॉक्टरांनी आमचा खजूर उचलून पहिल्या ढिगात ठेवला. बाईंनी तो परत आणला. डॉक्टरांनी पुन्हा नेला. एवढी शिकलेली माणसं, आणि एका खजुरासाठी माकडांसारखी!

मला विचारलं, टिंब म्हणजे काय. मी म्हटलं, तंबूच्या दाराशी काढलेल्या चपला. आत कुणीतरी आहे एवढं कळतं. कोण आहे ते आत गेल्याशिवाय कळत नाही.

डॉक्टरांनी हातातला खजूर खाली ठेवला. मला वाटलं, मी काहीतरी अशुभ बोलले. तेवढ्यात तिनितने मधल्या ढिगातली एक लिपी खाल्ली.

"कुठली होती?" डॉक्टर ओरडले.

"गोड होती," तिनित म्हणाली.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

वारा. वाळू दातांत. खादोने साखर संपवली. डॉक्टर दिवसभर गाडीत काचा लावून बसले.

शनिवार, १० फेब्रुवारी

वारा पडला आणि डॉक्टर उतरले. उतरले ते भांडायलाच.

खरं तर माणूस वाईट नाही. सकाळी माझ्या हातची वाळूत भाजलेली भाकरी खाल्ली, रश्शात कुस्करून, दोनदा मागून घेतली. पण विषय निघाला की मान ताठ. चटईला म्हणाले, "आजींना विचारा, जे लिहिलंच नाही ते आहे असं कसं समजायचं? माझ्या मते स्वर नसलेली लिपी म्हणजे छप्पर नसलेलं घर."

आम्ही तंबूत राहतो, घराचं आम्हाला काय सांगता? पण ते जाऊ दे. मी विचार केला, या माणसाला कळेल असं काय आहे? तर उदाहरण चटईमागेच बसलेलं!

मी खादोला म्हटलं, सांग त्यांना, स्वर म्हणजे जावई.

खादो पुढे जाईना. "मालकीणबाई, हे मी कुणाच्या तोंडून सांगू? मध्ये तोच आहे."

म्हटलं, सांग. जावई असतो. सगळ्यांना ठाऊक असतं तो आहे. त्याच्यावाचून घर हलत नाही — पाणी त्याने काढायचं, कांद्याची बाग त्याने शिंपायची, पोरगी त्याची. पण तो समोर दिसतो का? त्याचं नाव कुणी घेतं का? नाही. म्हणून तो नाही असं म्हणाल काय तुम्ही? समोर बसलेत ते आम्ही — सासू, मुलगी, नात, बकऱ्या. आम्ही व्यंजनं. आमच्याकडे बघून शहाण्या माणसाने ओळखायचं की मागे एक जावई आहे.

खादोने ते चटईला सांगितलं. मग जावयाने ते फ्रेंचमध्ये सांगितलं, हळू आवाजात, अडखळत. स्वतःबद्दल स्वतःच सांगायचं, आणि तेही पाठ फिरवून! मला दया आली.

यादविगाबाईंनी टाळी वाजवली. डॉक्टर मात्र एकदम हसत सुटले. म्हणाले, त्यांची सासू सतरा वर्षं त्यांच्याच घरात राहते आणि दिवसभर बोलते. "मी असल्या लिपीत राहायला तयार आहे," असं म्हणाले.

मला वाटलं जिंकलो. पण तिसरा चहा झाल्यावर डॉक्टर गंभीर झाले. ढिगाचं जाऊ द्या म्हणाले, तिसरा तर तिसरा. पण लिपी जिवंत असल्याचा पुरावा लागेल. हातातल्या कड्यावर नाव कोरलं, खडकावर खुणा केल्या, पोरींनी तळहातावर गंमत लिहिली, ते चालणार नाही. एकाने कामाचं काहीतरी लिहिलेलं आणि दुसऱ्याने ते वाचून काम केलेलं, असं पाहिजे. असं इथे कुणी कुणाला लिहितं का?

खादोने वाडीला विचारलं. वाडी म्हणाली, कशाला लिहायचं? हाक मारली की ऐकू येतं.

खरंच आहे. जो हाक मारू शकतो तो लिहील कशाला?

मी गप्प बसले. चटईसुद्धा गप्प बसली.

रविवार, ११ फेब्रुवारी

झोप नाही नीट. कारण असा पुरावा आहे. रोज आहे. माझ्या तंबूच्या मागच्या अंगाला, वारा लागत नाही तिथे.

तिनित झाली त्या वेळेपासूनचं आहे हे. शिमोला कळा लागल्या, मी बकऱ्यांमागे वरच्या अंगाला, खादो बाजाराला. जावई धावत आला माझ्याकडे. बोलता तर येत नाही! माझ्यासमोर पाठ करून उभा राहिला, मग खाली बसला, वाळूत दोन शब्द लिहिले आणि आल्या पावली पळाला. मी वाचलं आणि त्याच्यामागे धावले. त्या दिवसापासून चालू आहे. तो लिहितो बारीक, नखाने लिहावं तसं — मीठ संपलंय, काळी बकरी लंगडतेय, तुमची मुलगी रुसलीय, कारण माहीत नाही. मी वाचते, पायाने पुसते, पाहिजे ते करते, हवं तर खाली उत्तर लिहिते. जो हाक मारू शकत नाही, तोच लिहितो.

बोलणं नाही हे. पण बोलणं नाही असंही नाही. वाडीला कळलं तर काय म्हणतील? जावई सासूशी गप्पा मारतो! बायका विहिरीवर त्याच्याकडे बघून हसतील. लाजेने तो दुसऱ्या दिवशीच निघेल, कांद्यांसाठीसुद्धा थांबायचा नाही. सांगितलं तर तो लाजून जाणार. नाही सांगितलं तर शाळा नाही म्हणून जाणार. दोन्हीकडून तिनित जाणार.

ताकाला जाऊन भांडं लपवते आहे मी, तेही उंटावर बसून.

तिनितला आज दोन अक्षरं जास्तीची शिकवली. ती म्हणाली, "आजी, हळू."

सोमवार, १२ फेब्रुवारी

सकाळी बाहेर आले तर माझ्या तंबूपुढे — मागे नाही, पुढे! — हातभर उंचीची अक्षरं. उंट आडवा झोपेल एवढ्या जागेत. यादविगाबाई गुडघ्यांवर बसून फोटो काढत होत्या. डॉक्टर अक्षरांभोवती दगड मांडत होते, बकऱ्या येऊ नयेत म्हणून. अख्खी वाडी गोळा झालेली.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

जावई दुभाषा ना! त्याला विचारणं भाग. तो लांब पाठमोरा उभा. त्याने खादोला विचारलं, खादोने वाडीला विचारलं. वाडी खाली बघत होती. खाली अक्षरांच्या कडेने पावलं उमटलेली. आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा पाऊल बघून माणूस ओळखता येतो. डाव्या चपलेचा तुटलेला अंगठा, टाच जरा बाहेर. सगळ्यांनी वाचलं. एक डॉक्टर आणि बाई सोडून. ती लिपी त्यांच्या एकाही ढिगात नव्हती.

"काय म्हणतात?" डॉक्टर.

"म्हणतात, माहीत नाही," खादो म्हणाला. त्याने एवढं थोडक्यात बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

पाठसुद्धा लाजते, हे मी आज पाहिलं. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. आणि तरी त्याने पुढे लिहिलं होतं, मोठं लिहिलं होतं, सगळ्यांदेखत! मग मी कशाला मागे राहू? मी पुढे झाले. म्हटलं, हे मला लिहिलंय. वाचते.

वाचलं. तंबूची वाऱ्याकडची खुंटी ढिली झाली होती, ठोकली आहे. नवी साखर आणली, खादोपासून लपवा.

"हे खोटं आहे," खादो म्हणाला. "वाऱ्याने नेली असेल."

सगळे हसले. शेवटची ओळ राहिली होती. तीही वाचली. तिनितची राहिलेली अक्षरं लवकर उरका.

मी वाऱ्याकडच्या अंगाला गेले, खुंटी हलवून दाखवली, पक्की होती. खादोच्या समोर साखरेचा डबा उचलला आणि त्याच्यावर बसले. मग तिनितला मांडीवर घेऊन वाळूत पुढचं अक्षर काढलं. एकाने लिहिलं, दुसऱ्याने वाचून केलं. आणखी काय पुरावा हवा?

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी त्या पाठीकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. वहीत काहीतरी लिहिलं आणि बाईंना दाखवलं, बाईंनी डोळे पुसले. नंतर खादोने ते चटईमार्फत काढून घेतलंच: लिहिणारा — उच्चारात आहे, लेखनात नाही.

विहिरीवर बायका हसल्या का? हसल्या. पण टोचून नाही, दूध उतू जातं तसं. एक म्हणाली, "माझा जावई तर दारातून पाठ करून जातो तो वर्षभर येत नाही. त्याला पण अक्षरं शिकव बाई."

मंगळवार, १३ फेब्रुवारी

पाहुणे गेले. गाडी त्याच जागी रुतली, त्याच माणसांनी ओढली.

डॉक्टर जाताना भाकरी बांधून घेऊन गेले. म्हणाले, शाळा नक्की मिळेल, कुठे आणि कशी ते राजधानीत ठरेल. यादविगाबाईंनी पुन्हा हात धरले. विचारत होत्या, तुम्हाला अक्षरं कुणी शिकवली? आईने. तिला? तिच्या आईने. इथे पुरुष शिकवतात का कधी? मी म्हटलं, पुरुष लिहितात, शिकवतात कशाला? मांडी कुठे आहे त्यांना? बाईंनी तेसुद्धा लिहून घेतलं. मला वाटलं, हे बोलायला नको होतं. मास्तर तर जावयाला व्हायचं आहे!

आमच्या वाडीत पोरं किती, असंही विचारलं. आणि जावयाच्या बापाच्या विहिरीवर किती. तिथे पुष्कळ, जावयाने खरं ते सांगितलं. त्याला खोटं बोलता येत नाही, हेच त्याचं वाईट आहे.

तंबूमागे पाहिलं. काही लिहिलेलं नव्हतं.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सगळ्यांत आधी आला तो खादो. निरोप बाजारात ऐकून आला, वाटेत तीन ठिकाणी सांगून आला. शाळा मिळाली! जावयाच्या बापाच्या विहिरीवर. पोरं तिथे जास्त आणि शिकवणारी म्हातारी एकही नाही म्हणून. मास्तर जावई नाही. कागदावर नाव आहे: शिमोची आई.

जावई सकाळपासून कांद्यांच्या वाफ्यात उकिडवा बसलाय. तंबूमागे जाऊन पाहिलं. बारीक अक्षरांत होतं, "तुमचा तंबू आमच्या विहिरीच्या पलीकडच्या अंगाला ठोकतो. येताना चपला वाजवत या." मी खाली लिहिलं, बरं. आणि पुसलं नाही.

पाहुणे मला न्यायला गुरुवारी येतो म्हणालेत.